तळ्याकाठचें अंगण

सुशोभीकरण ह्या शब्दाची आम्हांला अलीकडे धास्ती वाटूं लागली आहे. ठाण्यांत एखाद्या तळ्याभोंवतीं पत्रे उभे राहिले, कीं आंत तळ्याचें कल्याण चाललें आहे असें समजण्याची आपली रीत पडली आहे. पत्रे निघाल्यावर दिसतें काय? मातीचा उतरता काठ जाऊन सिमेंटची उभी भिंत आलेली असते. भिंतीवर कठडा, कठड्यालगत फरसबंदी वाट आणि वाटेवर रंगीत दिव्यांची आरास. तळें पाहावयास मिळतें. त्याच्याशीं संबंध मात्र उरत नाहीं.

ठाणें हें तळ्यांचें शहर, असें आपण अभिमानानें सांगतों. मासुंदा, उपवन, कचराळी हीं नांवेंही घडाघड म्हणून दाखवितों. पण मासुंद्याकडेच पाहा. काठीं कौपिनेश्वराचें देऊळ, १९७८ सालचें गडकरी रंगायतन, आणि भोंवतीं वाहनांचा गराडा! पाण्याजवळ जाण्यासाठीं म्हाताऱ्यांनीं आधीं रस्ता ओलांडण्याचें धाडस करावें, ही कसली विश्रांति?

आणि मुलें? एका बागेंत आम्हीं स्वतः पाहिलें: सात-आठ वर्षांचा मुलगा गवतावर धांवला मात्र, लगेच रखवालदाराची शिटी वाजली. गवत शोभेचें होतें! फाटकावरील फलकावर मनायाच मनाया. खेळावें कोठें, हें सांगणारी एकही ओळ नाहीं. ज्यांचे आईबाप सकाळच्या लोकलनें मुंबई गांठतात व दिवेलागणीनंतर परततात, त्या दोन खोल्यांतल्या मुलांना तळ्याकाठीं तासभर धांवतां येऊं नये, तर त्यांनीं जावें कोठें? शेजारच्या डोंबिवलीकरांची दिवाळीची पहांट फडके रस्त्यावर उजाडते. त्याचें कौतुक पुष्कळ झालें. आमच्या तेथील स्नेह्यांनीं रागावूं नये. पण एवढ्या तरुणांनीं एकमेकांस भेटण्यासाठीं रस्ताच गांठावा, ह्यांत आम्हांस उत्साहाइतकेंच शहराचें दारिद्र्यही दिसतें.

कठडा नसेल तर मुलें बुडतील, असें कोणी म्हणेल. ही भीति खोटी नाहीं. पण उभ्या भिंतीलगत पाणी एकदम खोल असतें आणि आंत पडलेल्यास पाय रोंवायला जागा नसते. उतरत्या काठाशीं तें हळूहळू वाढत जातें. जुन्या लोकांनीं घाटाला पायऱ्या बांधल्या त्या कांहीं केवळ शोभेसाठीं नव्हेत. शिवाय उथळ काठावर लव्हाळे वाढतात, गाळ अडवितात. बेडूक अंडीं घालतात, बगळे उभे राहतात. हा सारा संसार मोडून भिंत बांधावयाची, आणि मग पाणी हिरवें पडलें म्हणून कारंजें बसवावयाचें! ह्या हिशेबांत फायदा कोणाचा, हें ठेकेदारास विचारावें.

तळीं ही समाजाची सामायिक संपत्ति आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं हिंचलाल तिवारी खटल्यांत सांगितलें. सामायिक म्हणजे उत्सवमंडपाच्या आधीं ज्याला दुसरें अंगण नाहीं त्याची, असा आम्ही त्याचा अर्थ करतों. महापालिकेनें पुढच्या वेळीं पत्रे ठोकण्यापूर्वीं आराखडा त्या तळ्याकाठींच टांगावा, आणि त्यांत एक बाजू तरी मातीची, सावलीची व धांवण्याची राखावी. दिवे थोडे कमी लागले तरी चालतील. उपवनाच्या पाठीशीं येऊरचा डोंगर आहे. तेथल्या पांखरांना रात्रीं काळोख हवा असतो.