पाटीवरचे नाव

दिवाळीची साफसफाई निघाली, की दारावरची पितळी पाटी चिंचेने घासण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते. यंदा ते चालू असताना चिरंजीव पुस्तक घेऊन आले.

"बाबा, आयफेल टॉवर कोणाच्या डोक्यातून निघाला?"

"आयफेलच्या. नावातच उत्तर आहे की!"

"चूक!" चिरंजीवांनी पुस्तक माझ्यापुढे धरले.

खरोखरच चूक होती. १८८४ साली या मनोऱ्याचे पहिले रेखाटन केले ते मॉरिस केक्लँ या इंजिनिअरने. एमिल नूगिए त्याचा जोडीदार. दोघेही आयफेलच्या कंपनीत नोकरीला. खालच्या त्या डौलदार कमानी सोव्हेस्त्र नावाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या. आयफेलने पुढे दोघा इंजिनिअरांचे हक्क विकत घेतले. अर्थात बांधणीची जबाबदारी आणि बराचसा खर्च त्याने अंगावर घेतला, हेही खरेच. तो स्वतः त्याला '३०० मीटरचा मनोरा' म्हणे. पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते मालकाचे. मनोऱ्यावर त्याने ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची नावे कोरविली. त्यांत केक्लँ नाही, नूगिए नाही, आणि बाई तर एकही नाही.

"म्हणजे पैसा ज्याचा, नाव त्याचे," मी निष्कर्ष काढला.

"असेच काही नाही हं," आतून आवाज आला. "आपला राजाबाई टॉवर घ्या की!"

मी निरुत्तर झालो. १८७८ साली पुरा झालेल्या मुंबईच्या त्या मनोऱ्याचा आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि देणगी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची. नाव मात्र दोघांचेही नाही. ते आहे प्रेमचंदांच्या आईचे!

मी पुन्हा पाटी घासू लागलो. माझे नाव, पुढे 'एम. ए.' या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी कोणाच्या पाटल्या मोडल्या होत्या, ते मला आठवले. पाटल्या देताना ती एक अक्षर बोलली नव्हती. आणि माझ्या नावाखाली चांगली दोन बोटे जागा रिकामी आहे, हे बारा वर्षांत प्रथमच दिसले.

धनत्रयोदशीला पाटी कोरून आणली. सौभाग्यवतींनी ती वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि पदर डोळ्यांना लावीत म्हणाल्या,

"अहो, अक्षरे वाढली. पुढच्या वर्षी चिंच जास्त लागेल हो!"