नावाचे मोल कोणाच्या माथी?

बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की महाराष्ट्रातील हजारो घरांत एक हिशेब मांडला जातो. जिल्ह्याच्या गावी सरकारी वा अनुदानित महाविद्यालय असते. त्याची फी पेलण्यासारखी असते. त्याच वेळी पुण्या-मुंबईकडील एखाद्या नामांकित संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक घरात येऊन पडलेले असते आणि तिथली फी लाखांत असते. चावडीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात बापाला एकच सल्ला मिळतो : मुलाच्या शिक्षणात पैशाकडे पाहू नये. हा सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही पहिला हप्ता भरणार नसतो.

सल्ला वरवर उदात्त आहे. पण त्याच्या पोटात एक लबाडी दडलेली आहे. फी जितकी जबर तितके शिक्षण कसदार, असे त्यात गृहीत धरलेले असते. कापडाच्या दुकानात हे गृहीतक कदाचित चालेल. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा इतिहास मात्र त्याच्या नेमकी उलट साक्ष देतो. १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, त्याचे नाव विद्यार्थ्यांच्या फीतून उभे राहिले नाही. दरमहा पंचाहत्तर रुपयांवर आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्या गोखले-कर्व्यांसारख्या आजीव सदस्यांनी ते उभे केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा अंगमेहनत करून शिकणाऱ्या गरिबाच्या पोराला तिथे कमीपणा नव्हता. तोच त्या संस्थेचा मान होता. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस जे महाविद्यालय सुरू केले, त्याने मराठवाड्यातील ज्या वर्गाला शिकवले त्याच्यापाशी द्यायला पैसाच नव्हता. प्रतिष्ठा ही अशी सार्वजनिक कष्टांतून साठलेली ठेव आहे. तिच्यावर व्याज कोणी खावे, हा खरा प्रश्न आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. मराठी मुले देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जातात, तो पैसा आणि ती मुले घरीच का राहू नयेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. खेड्यापाड्यांतील अनेक मुले त्यामुळेच अभियंते झाली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण दार उघडताना उंबरठ्यावर गल्ला ठेवला गेला. चारच वर्षांत, १९८७ साली, देणगीबंदीचा कायदा करण्याची पाळी त्याच राज्यावर आली, यावरून काय चालले होते ते उघड होते. पुढे १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगी घेऊन प्रवेश देणे घटनाबाह्य ठरवले. १९९३ साली उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा मोफत व निम्म्या सशुल्क अशी तडजोड केली. आणि २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात ती तडजोडही मोडीत काढली. नफेखोरी नको, पण वाजवी शिल्लक चालेल, असा शब्द मागे उरला. वाजवी म्हणजे किती, हे ठरवायला महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून ते फी ठरवते. म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागाला लावलेल्या काचांचे पैसेही शेवटी विद्यार्थ्याच्याच पावतीवर चढण्याची वाट मोकळी राहते.

नावाचा बाजार आता सरकारी शिक्क्यानेही भरतो. २०१६ पासून केंद्र सरकार शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी जाहीर करते. तिच्यात शंभरांतले दहा गुण केवळ लौकिकाचे आहेत : उद्योजक आणि प्राध्यापक यांना कोणती संस्था चांगली वाटते, त्याचे. ज्याचे नाव आहे त्याला नावासाठी गुण, आणि गुणांमुळे पुन्हा नाव! बाकीचे गुण बहुतांशी संस्थांनी स्वतःच पुरवलेल्या माहितीवर मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तीही मुख्यतः याच क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या, प्रारंभी ८६० संस्थांपुरती. तारणावाचून कर्ज हवे असेल तर नावाच्या संस्थेत जा, असाच त्याचा अर्थ. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मजुराच्या मुलीने त्या यादीत आपल्या गावाचे नाव शोधत बसावे.

आणि कर्ज म्हणजे काय, तेही एकदा पाटीवर मांडून पाहावे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरसाल अडीच लाख, असे दहा लाख दहा टक्क्यांनी उचलले. शिक्षण संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही; पण व्याज थांबत नाही. सरळव्याजानेच साडेतीन लाख होतात. परतफेड सुरू होते ती साडेतेरा लाखांवर, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १७,८०० रुपये. नोकरीची सुरुवात पंचवीस हजारांनी झाली, तर घरभाडे, जेवण आणि गावी पाठवायचे पैसे हे सारे उरलेल्या सात हजारांत. माहितीपत्रकात सर्वाधिक पगार मिळवणाऱ्या एका मुलाचे छायाचित्र असते. मधल्या मुलाचा पगार त्यात छापलेला नसतो. बँकांच्या सर्वसाधारण कर्जयोजनेत साडेसात लाखांच्या पुढे तारण लागते. शेतकऱ्यापाशी तारण म्हणजे जमीन. वर्षावर्षाला पाऊस हुलकावणी देतो म्हणून जी जमीन पोरगा सोडू पाहतो, तीच त्याच्या पदवीसाठी गहाण पडते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. मोठ्या कंपन्या नोकऱ्या द्यायला नावाच्याच महाविद्यालयांत जातात. आडगावच्या हुशार मुलाचा अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. मग बापाने नावापुढे पैसा ओतला तर त्याला मूर्ख कसे म्हणावे? म्हणूच नये. तो मूर्ख नाही, कोंडीत सापडलेला आहे. त्याच्यापुढची दुसरी वाट शासनानेच काटेरी करून ठेवली. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर भागवले जातात, आणि पीएच.डी. झालेला माणूस तासांच्या हिशेबाने राबतो. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चण्याचे लक्ष्य सांगितले होते. ते अजून गाठलेले नाही. स्वतः केंद्र सरकारने २०१६ साली आयआयटीची वार्षिक शिकवणी फी नव्वद हजारांवरून दोन लाखांवर नेली. दलित, आदिवासी, अपंग आणि अत्यंत गरीब विद्यार्थ्यांना माफी ठेवली, हे योग्यच. पण प्रतिष्ठेला किंमत लावण्याची रीत सरकारलाही पटली, एवढे त्यातून दिसले.

जी सवलत आहे तीही नावाच्या मोहात हातची जाते. जुलै २०२४ च्या निर्णयाने महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शासनाने पत्करली. मात्र प्रवेश शासकीय केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातील जागा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांना ती लागू नाही. फेरीत मिळालेले कमी नावाचे महाविद्यालय सोडून मुलीला थोरल्या नावाच्या अभिमत विद्यापीठात घालणारा बाप त्या एका सहीने संपूर्ण माफीवर पाणी सोडतो, आणि बहुधा हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. फेरीचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानांतून सल्ला विकत मिळतो; तो कोणाच्या दलालीवर चालतो, हे गावोगाव ठाऊक आहे.

प्रवेशाच्या दिवशी बापाने संस्थेच्या कचेरीत चार गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ कळेल : या विभागात कायम प्राध्यापक किती, मागील वर्षी किती मुले वेळेत उत्तीर्ण झाली, त्यांतील मधल्या मुलाला काय पगार मिळाला, आणि वसतिगृह, खाणावळ, गणवेश, विकासनिधी धरून चार वर्षांचा एकूण आकडा किती. उत्तरे लेखी मागावीत. ती देणे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बंधनकारक करावे, आणि रिकाम्या जागा भरल्याखेरीज एकाही नव्या खासगी विद्यापीठाचे विधेयक सभागृहात आणू नये, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी येत्या अधिवेशनातच लावून धरावयास हवी.