माया आणि रात्रपाळी

‘आईच्या मायेला मोल नाही’ हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. गेल्या वर्षापासून मात्र मला त्याची चीड येऊ लागली आहे.

ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि २८व्या आठवड्यातच बाळ झाले. ३७ आठवड्यांपूर्वीचे मूल अकाली समजतात. याची तर फुप्फुसेच अपुरी होती. अडीच महिन्यांनी ते घरी आले, तेही नाकात बारीक नळी आणि सोबत ऑक्सिजनचे मशीन घेऊन. हे मशीन खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन पुरवते. पण त्याला वीज लागते. वीज गेली की सिलिंडर जोडावयाचा. ऑक्सिजन कमी पडला तर बाळ निळे पडते; जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. नळी सरकली का, पायाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा उतरला का, हे ताई रात्रंदिवस पाहात असे.

ऑक्सिजनजवळ विस्तव चालत नाही. म्हणून शेगडी नाही, ओव्याची धुरी नाही, बारशाचे निरांजनसुद्धा ओसरीवर. आजी रुसली. शेजारणी “धन्य ती माउली!” म्हणून घरी गेल्या. दाजी रविवारी येत. रात्र ताईचीच.

आणि मी? परीक्षेच्या नावाखाली तीन आठवडे शेजारच्या खोलीत निवांत झोपले.

मशीनचे माहितीपत्रक इंग्रजीत होते. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. एके रात्री ताई बसल्याबसल्या पेंगली आणि नळी निसटली, तेव्हा कुठे मी ते वाचून मराठीत उतरवले. बाबा आकडा वाचू लागले. नऊ ते बारा मी, दोन ते पाच बाबा, अशा पाळ्या लागल्या.

रुग्णालयात परिचारिका हेच काम पाळीपाळीने करतात. त्याला आपण नोकरी म्हणतो. घरी आई एकटी करते. त्याला माया म्हणून मोकळे होतो. २०१७ साली पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पण घरी शिवणकाम करणाऱ्या ताईला कसली रजा? रुग्णालयांनी निदान सूचना मराठीत द्याव्यात आणि त्या आईबरोबर घरातल्या पुरुषांनाही शिकवाव्यात.

बाळ आता नळीवाचून श्वास घेते. मित्रमैत्रिणींनो, अशा घरी गेलात तर माउलीचे गोडवे गाऊ नका. हात धुवा, आकडा कसा वाचावयाचा ते विचारा, आणि तिला झोपू द्या.