पहिला भाग बाहेर गेलाय

वाचनालयाच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं नाही असा वाचक सोलापुरात शोधून सापडायचा नाही. मालिकेचा पहिला भाग नेहमी बाहेरच गेलेला असतो. परत येतो तेव्हा त्याची शिवण उसवलेली असते, शेवटची चार पानं गळालेली असतात आणि आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने आपलं मत नोंदवून ठेवलेलं असतं. त्याच मालिकेचे आठवा, तेरावा, तेहतिसावा असे भाग मात्र कपाटात कोरे करकरीत उभे असतात. वाचक त्यांच्याकडे एकदा बघतो, 'मग राहू द्या' म्हणतो आणि जुना दिवाळी अंक बदलून घेऊन घरी जातो.

माझं भांडण या 'मग राहू द्या'शी आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वपक्ष असा: लेखकाने पुस्तकं ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने ती वाचावीत. पात्रं वाढत जातात, आधीच्या प्रसंगांचे धागे पुढे येतात, मधूनच घुसणाऱ्याला निम्मं कळत नाही. यात खोटं काही नाही. हॅरी पॉटरच्या सात भागांना हा नियम लागू आहे, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला तर आहेच. पण तोच नियम उचलून विनोदी मालिकेला, त्यातही विनोदी अद्भुताच्या लांबलचक मालिकेला लावला, की वाचक दारातूनच परत फिरतो.

उदाहरण टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डचं घेऊ. 1983 ते 2015 या काळात आलेल्या 41 कादंबऱ्या; शेवटची तर प्रॅचेटच्या मृत्यूनंतर आली. यातलं जग थाळीसारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि हत्ती उभे आहेत एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. कूर्म आणि दिग्गज लहानपणीच ऐकलेल्या आपल्या वाचकाला हे नवं सांगायला नको. इंग्रज वाचक जिथे थबकतो तिथे आपण आधीच घरी असतो. तरीही आपला वाचक 41 हा आकडा ऐकूनच गार होतो आणि विचारतो, 'पहिला कुठला?'

पहिला 'द कलर ऑफ मॅजिक'. क्रमवाद्यांच्या सांगण्यावरून तोच हातात घेतला, तर काय होतं पाहा. ते पुस्तक म्हणजे त्या काळी इंग्रजीत लोकप्रिय असलेल्या तलवारबाजीच्या आणि ड्रॅगनच्या कथांची टिंगल आहे. फ्रिट्झ लायबर, लव्हक्राफ्ट, अ‍ॅन मॅकॅफ्री ज्याने वाचले नाहीत त्याला निम्मे टोमणे लागणारच नाहीत. ज्याची नक्कल चालली आहे तो माणूस आपण पाहिलेलाच नसेल, तर हसायचं कशाला? त्यातून शेवट असा, की नायक जगाच्या कडेवरून खाली पडतो आणि पुस्तक संपतं. पुढचं हवं असेल तर 1986 चा दुसरा भाग शोधा. नियम पाळणाऱ्याला हे बक्षीस! पुढे तो वाचक 'इंग्रजी विनोद आपल्याला झेपत नाही' असं म्हणत कायमचा बाजूला होतो आणि दोष स्वतःच्या इंग्रजीला देतो.

दुसरा पंथ नकाशेवाल्यांचा. ते पहिल्या भागाचा आग्रह धरत नाहीत, पण हातात तक्ता देतात: चेटकिणींची पुस्तकं ही, पहाऱ्याच्या शिपायांची ती, मृत्यूची वेगळी, बाण या खोक्याकडून त्या खोक्याकडे. तक्ता चुकीचा नसतो. पण ज्याने अजून एक पानही वाचलेलं नाही त्याच्यापुढे तो धरला, की वाचन म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक्रम होऊन बसतो. पाच-सहा पुस्तकं झाल्यावर तक्ता गंमत म्हणून बघावा.

मला वाटतं, या दोन्ही पंथांच्या मुळाशी आपली पारायणाची सवय आहे. गुरुचरित्राचा सप्ताह लावला की अध्यायांचा क्रम ठरलेला, रोजचा मुक्काम ठरलेला, मधला अध्याय गाळायची सोय नाही. तिथे ते योग्यच आहे. पण ज्या गावांत सप्ताह होतो, त्याच गावांत कीर्तनही होतं. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्याने आदिपर्वापासून महाभारत ऐकलंय का याची चौकशी करत नाही. मागची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो आणि थेट प्रसंगावर येतो. रात्री उशिरा मंडपात शिरलेला माणूसही पाच मिनिटांत बाकीच्यांबरोबर हसू लागतो. विनोदी मालिका लिहिणारा लेखक या कीर्तनकाराच्या जातीचा असतो. नवा माणूस कधीही येऊन बसेल, हे धरूनच तो लिहितो.

आणि आपण मराठी वाचक क्रमाने वाचत होतो तरी कधी? 'चांदोबा'त विक्रम दर महिन्याला झाडावरून प्रेत खाली उतरवायचा, वेताळ गोष्ट सांगायचा, राजाचं मौन सुटायचं आणि प्रेत परत झाडावर. मूळ परंपरेतल्या पंचविशीच्या कितीतरी पुढे ही गाडी गेली. पहिला अंक मिळाला नाही म्हणून कुणी वेताळाला सोडल्याचं ऐकिवात नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव घ्या. कुणाला 'चिमणरावाचे चऱ्हाट' आधी मिळालं, कुणाला 'आणखी चिमणराव', आणि पुष्कळांना तर मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आधी दिसले, पुस्तक मागाहून. गुंड्याभाऊ कोण हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तो दांडगोबा कथेत शिरतो आणि चार ओळींत आपली ओळख स्वतःच पटवतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तसाच. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' आधी वाचलं की 'जवानमर्द फास्टर फेणे', यावरून कुणाचं बालपण बिघडलेलं नाही. 2017 च्या चित्रपटामुळे जी मुलं पुस्तकांकडे वळली, त्यांनी तर अमेय वाघला बघूनच सुरुवात केली. हे सगळं आपण सहज करत आलो. इंग्रजी मालिका समोर आली, की मात्र अचानक सोवळं नेसतो.

तिसरा आक्षेप जरा वेगळा आहे आणि तो ऐकला की मला राग येतो. 'हे परक्या मातीतलं. सोलापूरच्या पोराला याचं काय?' ज्या शहरात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू आणि तिसरीत कन्नड ऐकू येतं, जिथे मूल शाळेत जाण्याआधीच दोन भाषांत भांडायला शिकतं, तिथे परकेपणाची ही धास्ती शोभत नाही.

पण नुसतं शोभत नाही म्हणून भागायचं नाही, पुरावा देतो. मालिकेतली तेरावी कादंबरी, 1992 ची 'स्मॉल गॉड्स'. ओम नावाचा देव आहे. त्याचं मोठं मंदिर आहे, मठ आहे, धर्मशास्त्र आहे, पाखंड्यांना छळणारं खातं आहे. फक्त देवावर खरा विश्वास कुणाचा उरलेला नाही. सगळ्यांचा विश्वास आहे तो संस्थेवर. त्यामुळे देवाची शक्ती आटून गेली आहे आणि तो एका साध्या कासवाच्या रूपात अडकून पडला आहे. मंदिराच्या बागेत कुदळ चालवणारा ब्रुथा नावाचा एक बथ्थड समजला जाणारा शिकाऊ पोरगा, तेवढ्या एकालाच त्याचा आवाज ऐकू येतो. मग हा देव आणि हा भक्त एकमेकांशी जी हुज्जत घालतात! देव शिव्या देतो, धमक्या देतो. पोरगा निमूट ऐकून असा काही प्रश्न विचारतो की देवालाच उत्तर सुचत नाही. देव भक्तावाचून जगू शकत नाही हे देवाला कळलेलं असतं आणि भक्ताला ते हळूहळू कळत जातं.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी कसे भांडले, त्याला कसं सुनावलं, हे इथल्या अडाणी माणसालाही पाठ असतं. भक्तावाचून देवाचं अडतं, ही गोष्ट ज्याच्या कानावर आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पडत असते, त्याच्याइतका तयार वाचक या कादंबरीला लंडनमध्ये तरी कुठून मिळणार? प्रॅचेटची नजर बोचरी आहे, वारकऱ्यांची माया त्याच्याकडे नाही, हा फरक मी लपवत नाही. पण हे पुस्तक कळायला आधीच्या बारांपैकी एकाचीही गरज लागत नाही.

ज्याला देवाधर्माचा कंटाळा असेल त्याने आठवं, 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्यावं. त्यातल्या शहरात चोरांची अधिकृत संघटना आहे आणि चोर चोरी करून पावती देतो. एक भोळा, धिप्पाड शिपाई कायद्याचं पुस्तक घेऊन येतो आणि थेट चोरांच्या अध्यक्षालाच पकडून आणतो. सरकारी कचेरीत कधी खेटे घातले असतील, तर याला टिपेची गरज नाही. तेहतिसावं 'गोइंग पोस्टल' म्हणजे न वाटलेल्या पत्रांच्या ढिगाखाली बुडालेलं टपाल खातं आणि ते चालू करायला नेमलेला एक ठग. 2013 च्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली तेव्हा ज्यांना चुटपुट लागली, त्यांच्यासाठी हे.

कुठूनही म्हणजे अगदी कुठूनही नव्हे, हे मान्य. 'नाइट वॉच' हे एकोणतिसावं पुस्तक मालिकेतल्या उत्तमांपैकी आहे, पण शिपायांचा प्रमुख व्हाइम्स आधी कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय त्यातली कळ पोचत नाही. आणि शेवटच्या पुस्तकाने सुरुवात करणं म्हणजे अनोळखी घरात थेट तेराव्याला जाणं. एवढे दोन अपवाद सोडले, तर बाकी रान मोकळं आहे.

शेवटी विनंती आमच्या ग्रंथपालांना. 41 भागांचा पूर्ण संच घ्यायला कुठल्याच वाचनालयाकडे पैसे नसतात, हे आम्हाला कळतं. म्हणून अर्धवट संच विकतच घ्यायचा नाही, असं करू नका. सुटे भाग घ्या, 'अपूर्ण' असा शिक्का मारून ते वरच्या फळीवर टाकू नका. आणि पहिला भाग बाहेर गेला असेल, तर वाचकाला तसं सांगून थांबू नका. तेरावा त्याच्या हातात द्या.