आधी वाय-फाय बंद करा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मला हसू आलं. मी केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटचा. एकोणसत्तर म्हणजे नेमके किती, यासाठी मला आजही मनातल्या मनात दोन सेकंद लागतात. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पण विषय डोक्यात बसला होता आणि तो इंग्रजीत लिहिला असता तर टेक्निकल पेपर म्हणून कोणी वाचला नसता. म्हणून इथे.

मागच्या जुलैतली ती पावसाची रात्र हॉस्टेलवाल्यांना आठवत असेल. सातला लाइट गेली, नऊला इन्व्हर्टरने मान टाकली, दहाच्या सुमारास मोबाइलची रेंजही गेली. टॉवरच्या बॅटऱ्या शेवटी बॅटऱ्याच. पहिला तासभर सगळ्यांनी मजा केली, भुतांच्या गोष्टी झाल्या, मेसमधला उरलेला पाव संपला. माझा रूममेट मात्र कॉटवर बसून दर दहा मिनिटांनी एकच नंबर लावत होता. तो तलासरीकडचा. त्या पट्ट्यात, डहाणू-तलासरीत, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा तो सातवीत होता आणि थंडीत घराबाहेर ताडपत्रीखाली झोपलेला आहे. त्या रात्री धक्काबिक्का काही नव्हता, नुसता पाऊस होता. पण हे कळायला फोन तर लागला पाहिजे ना! सकाळी सहाला लागला. आई म्हणाली, "काय रे, एवढ्या सकाळी?"

त्या रात्री माझ्या लॅपटॉपवर हॅम रेडिओची अकरा सॉफ्टवेअरं होती. अकरा! एकाचाही उपयोग झाला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन आणि कॉलसाइन घ्यायचा, मग ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर जगाशी बोलायचं. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन ग्रेड आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. मला हा नाद लावला बोईसरच्या एका काकांनी. एमआयडीसीतून रिटायर झालेले, गॅलरीत अँटेना, घरात काकूंची बोलणी. माझं लायसन अजून यायचंय, म्हणून माझ्याकडे सेट नाही. ऑनलाइन स्वस्तातले चिनी सेट मिळतात आणि पोरं ते विना-लायसन घेतात. ते करू नका. लायसन आधी, सेट नंतर.

पण सॉफ्टवेअर फुकट असतं, म्हणून मी जमेल ते सगळं उतरवून घेतलं. "हॅमसाठी उपयुक्त सॉफ्टवेअर" अशा याद्या ढिगाने मिळतात. माझं भांडण या याद्यांशी आहे. त्यात सगळं असतं, फक्त एक रकाना नसतो: नेट गेल्यावर यातलं काय चालतं?

सगळ्यात लाडकं सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि त्यातला एफटी८ हा प्रकार. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी तो आणला. हे टेलर म्हणजे बायनरी पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे, स्वतः हॅम. काम बघितलं तर हात जोडावेत. सिग्नल आवाजात इतका बुडालेला असतो की कानाला काहीच ऐकू येत नाही, आणि सॉफ्टवेअर त्यातून कॉलसाइन काढून दाखवतं. रुंदी फक्त ५० हर्ट्झ, दर पंधरा सेकंदांनी एक पाळी. आपल्याला डीएसपीच्या व्हायव्हात जे जमत नाही ते इथे डोळ्यांसमोर चालू असतं! पण हे सगळं चालायला दोन्ही बाजूंची घड्याळं एक-दोन सेकंदांच्या आत जुळलेली लागतात, आणि लॅपटॉप आपलं घड्याळ जुळवतो कुठून? नेटवरून. जीपीएसचं डोंगल लावून किंवा हाताने काटा जुळवून मार्ग निघतो, पण हे आधी माहीत पाहिजे. दुसरं म्हणजे, त्यात मोकळा मजकूर एका वेळी जास्तीत जास्त १३ अक्षरांचा. "मी पोचलो, काळजी नको" एवढंही एका दमात जात नाही. ते त्यासाठी बनवलेलंच नाही, हा त्याचा दोष नव्हे. दोष आपला, कारण शंभर देशांचे कॉलसाइन जमवले की आपल्याला वाटतं आपण तयार आहोत.

इकोलिंकचं तर नावच घेऊ नका. २००२ पासून आहे, छान आहे, मोबाइलवरूनही जगातल्या रिपीटरवर बोलता येतं. पण मधला सगळा प्रवास इंटरनेटचा. म्हणजे ज्या रात्री गरज, त्याच रात्री गैरहजर. उपग्रहांसाठी जीप्रेडिक्ट मला आवडतं, कारण कक्षेची माहिती एकदा उतरवली की पुढचे काही दिवस नेटशिवाय चालतं. अंतराळ स्थानक पालघरवरून कधी जाणार ते मिनिटासकट सांगतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवर बंगळुरूच्या मुलांशी बोलले तेव्हा आमच्या मजल्यावर चार जणांनी ते बसवून घेतलं होतं. आता एकाच्याच लॅपटॉपवर आहे, माझ्या.

मग वाय-फाय बंद करून उरतं काय? मला विचाराल तर एफएलडिजी. याला इंटरनेट लागत नाही, घड्याळ लागत नाही, महागडी केबलही लागत नाही. टाइप केलेला मजकूर ते आवाजात बदलतं आणि समोरचा लॅपटॉप आवाज ऐकून परत मजकूर करतो. रेडिओ सेट लॅपटॉपच्या माइकसमोर नुसता धरला तरी काम भागतं. म्हणजे सेट नसतानासुद्धा सराव करता येतो! मी आणि रूममेटने तेच केलं. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप ठेवले आणि स्पीकर पूर्ण वाढवला. आधी पीएसके३१ लावून बघितलं. पॅसेजमधला घुमणारा आवाज आणि कोणाची तरी बादली यांच्यात निम्मा मजकूर वाहून गेला. मग एमटी६३ लावलं. त्याचा आवाज कढईत भजी सोडल्यासारखा येतो, पण मजकूर पूर्ण आला. २००० हर्ट्झवाल्या प्रकारात वेग साधारण मिनिटाला २०० शब्द. टी-ट्वेंटी बघणाऱ्या शेजारच्या खोलीतून शिव्या आल्या, त्या मात्र डिकोड करायची गरज पडली नाही.

नंतर आम्ही खराखुरा निरोप पाठवायचं ठरवलं. एफएलडिजीबरोबर एफएलमेसेज नावाचं जोडीचं सॉफ्टवेअर येतं, त्यात छापील फॉर्मसारखे नमुने असतात आणि निरोपाबरोबर चेकसम जातो, म्हणजे वाटेत एक अक्षर जरी बिघडलं तरी कळतं. रूममेट गावातला माणूस झाला, मी ऑपरेटर. तो म्हणाला, "शाळेत एकोणसत्तर माणसं आहेत, पाणी संपलंय." मी टाइप केलं ७९. पलीकडे निरोप पोचला, चेकसम जुळला, सॉफ्टवेअर म्हणालं सगळं ठीक. दहा माणसं मी एका क्षणात जन्माला घातली आणि कोणालाही पत्ता नाही!

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

तेव्हापासून मला हा खरा प्रश्न वाटतो. चेकसम तपासतो तो मी टाइप केलेला मजकूर. समोरचा माणूस काय बोलला ते त्याला कसं कळणार? नमुने सगळे इंग्रजीत. सातपाटीचा नाखवा इंग्रजीत बोलणार नाही, जव्हारची आशाताईही नाही. मधे बसणार माझ्यासारखा, ज्याला एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत घाम फुटतो. आम्ही देवनागरीतही पाठवून बघितलं. एमटी६३ मध्ये आठ बिटांचा वेगळा पर्याय चालू करेपर्यंत नुसता कचरा येत होता, नंतर "पाणी" नीट आलं. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. "पाणी"चे बारा बाइट, तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर चार. म्हणजे मराठीत पाठवायला तिप्पट बाइट, आणि बॅटरीवर चालणाऱ्या सेटला ते परवडत नाही. एक साधा मराठी फॉर्म, ठरलेल्या लघुरूपांचा, आणि आकडे नेहमी सुटे सुटे बोलायचे: सहा, नऊ. इतकं काम आहे. हे अमेरिकेतला कोणी आपल्यासाठी करणार नाही. मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तीच अटेंडन्स सिस्टिम बनवणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) यावर विचार करावा.

आमच्या एका सरांचं म्हणणं, हे सगळं सरकारचं काम. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, शेजारी रसायनांची एमआयडीसी आहे, त्यांच्या यंत्रणा आहेत, सॅटेलाइट फोन आहेत. पोरांनी यात कशाला पडायचं? सरांचा मान ठेवून सांगतो, यंत्रणेच्या जागी आम्हाला जायचंच नाही. पण २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हौसेच्याच कामासाठी गेले होते, अंदमानातून जगाशी हॅमवर बोलायला. मग त्याच सेटवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर गेले. त्यांना कोणी आधी सांगून ठेवलं नव्हतं. सेट होता, सराव होता, एवढंच. आणि "पोरं" म्हणाल तर पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी एक किलोच्या आसपासचा 'स्वयम्' उपग्रह बनवला आणि तो जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीने वर गेला. तोही हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर. आपण उपग्रह मागत नाही आहोत.

आपण मागतोय गच्चीची किल्ली.

४एनईसी२ हे अँटेनाचं सॉफ्टवेअर आहे, नेटशिवाय चालतं. त्यात मी आपल्या हॉस्टेलच्या गच्चीच्या उंचीवर, दहा मीटरवर, वीस मीटरची साधी तार आडवी ठेवून बघितली, ७.१ मेगाहर्ट्झला. सगळी ताकद सरळ वर जाते. दूरदेशी बोलायला हा दोष, पण आपल्याला हेच हवंय: वर गेलेली लहर आयनोस्फिअरवरून खाली येते आणि मधले डोंगर आडवे येत नाहीत. व्हीएचएफचा हँडसेट जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपुढे हात टेकतो, ही तार टेकत नाही. रात्री ७ मेगाहर्ट्झ दगा देऊ शकतं, मग ३.५ ला उतरावं लागतं आणि तार दुप्पट लागते. तीही गच्चीवर तिरपी बसते, मी मोजलंय. (कसं मोजलं ते विचारू नका, गच्चीला कुलूप आहे.)

कुलूप का, ते मला समजतं. पोरं गच्चीवर काय करतात ते रेक्टर सरांना माहीत आहे आणि वीज पडण्याची भीतीही खोटी नाही. म्हणून अर्जात लिहिलंय: अर्थिंग इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटच्या देखरेखीखाली, किल्ली स्टाफकडे, ढग गडगडले की तार काढून ठेवायची, आणि लायसन असलेला माणूस हजर असल्याशिवाय एक शब्दही प्रक्षेपित करायचा नाही. बोईसरचे काका दर शनिवारी यायला तयार आहेत, चहावर. अर्ज फेब्रुवारीपासून ऑफिसात आहे.

तोपर्यंत पॅसेज आहेच. रविवारी रात्री मेसनंतर दुसऱ्या मजल्यावर या, लॅपटॉप चार्ज करून आणा कारण प्लग वापरायचा नाही असा नियम आहे, आणि येण्याआधी वाय-फाय बंद करा. आकडे रूममेट सांगणार आहे, मराठीत. मागच्या खेपेला मी पंचाहत्तर बरोबर लिहिलं, त्रेसष्टला परत चुकलो.