ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?

घरी ओटीटी सुरू करायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? समोरचा माणूस जरा हिरमुसतो. त्याला नेटफ्लिक्स बरं की प्राइम, टीव्ही किती इंची घ्यावा, असल्या गप्पा हव्या असतात. पण सोसायटीतल्या, माहेरच्या आणि सासरच्या बऱ्याच घरांत ही बसवाबसवी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. खातं बघणाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर असेल तर ते चालतं. नसेल, तर थोड्याच दिवसांत टीव्ही मुकाट्याने पुन्हा सेट-टॉप बॉक्सवर येतो आणि वर ‘ते काही आम्हाला जमत नाही बाई’ हे ऐकावं लागतं.

न जमण्यासारखं काय घडतं ते बघा. मुलगा न्यू जर्सीला, आईवडील सांगलीला. दिवाळीत येतो, आईवडिलांना मोठा टीव्ही घेऊन देतो, त्यावर स्वतःचंच खातं चालू करतो आणि विमान पकडतो. सुरुवातीला सगळं छान. मग एका संध्याकाळी टीव्हीच विचारतो, तुम्ही या खात्याच्या घरातले नाही, कोड टाका. एक खातं एकाच घराचं, हा नियम नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ मध्ये लागू केला. कोड जातो खातेदाराच्या फोनवर किंवा मेलवर, आणि त्याला मुदत असते काही मिनिटांची. सांगलीत संध्याकाळचे सात वाजलेले, तिकडे सकाळ, मुलगा मीटिंगमध्ये. त्याचा फोन येईस्तोवर कोड संपलेला. आई म्हणते, राहू दे रे, तू तुझं काम कर. हे ‘राहू दे’ आपल्याकडच्या आयांना फार लवकर सुचतं.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. खातं मुलाचं असलं की आईवडील रिमोटला बिचकून हात लावतात. एखादं बटण दाबलं आणि त्याचे पैसे कापले गेले तर? माझ्या एका आत्याने कितीतरी दिवस फक्त होमस्क्रीनवर आपोआप चालू होणारी ट्रेलरं पाहिली, कारण ‘आत गेलं की बिल लागतं’ असा तिचा समज होता. महिन्याचे पैसे ठरलेले असतात, एक भाग बघा नाहीतर पन्नास, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. (प्राइमवर काही सिनेमे वेगळ्या भाड्याने मिळतात, पण तिथे किंमत समोर लिहिलेली असते आणि पैसे भरल्याशिवाय सिनेमा सुरू होत नाही.) तेव्हा खातं वडिलांच्या, म्हणजे घरातल्या नानांच्या, मोबाइल नंबरवर काढा आणि पैसे नानांच्या यूपीआयवरून जाऊ द्या. मुलाला खर्च उचलायचाच असेल तर त्याने नानांच्या बँकेत पैसे टाकावेत. पासवर्ड त्याच डायरीत, जिथे गॅसचा ग्राहक क्रमांक लिहिलेला असतो. डायरीत पासवर्ड लिहिणं संगणकवाल्यांना पटत नाही, पण सत्तरीतल्या माणसाला विसरलेला पासवर्ड बदलायला लावणं मला त्याहून क्रूर वाटतं.

हे ठरलं की मग काय घ्यायचं ते. इथेही लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी ओटीटी घेतात, मग त्यावर काय बघावं ते शोधत बसतात. आधी घरात काय बघितलं जातं ते बघा. रात्रीच्या मालिका चालू असतील तर हिशेब सोपा आहे. झी मराठीचं सगळं झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठीची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोनीलिव्हवर. हॉटस्टार आणि जिओसिनेमा ही दोन वेगळी अॅपं फेब्रुवारी २०२५ मध्ये एकत्र झाली. जुनं ‘जिओसिनेमा’ शोधत बसू नका. वेगळ्या धाटणीचं मराठी बघायचं असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा सिनेमा आहे; तो नेटफ्लिक्सवर आला २०२१ मध्ये, व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवून. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्या घरात तो जरूर लावा. ज्यांना सात वाजता काहीतरी हलकंफुलकं हवं असतं त्यांच्याकडे मात्र नको.

फुकटातही बरंच असतं. प्रसारभारतीचं ‘वेव्हज’ २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला सुरू झालं. दूरदर्शनचा जुना खजिना तिथे आहे, मराठीही आहे. यूट्यूब तर आहेच. रिमोटची सवय व्हायला पहिले काही दिवस एवढंच पुरे, पैशाचं नंतर बघू. शिवाय बऱ्याच घरांत पैसे भरलेले असतात आणि ते कुणाला माहीत नसतं. मोबाइलच्या किंवा ब्रॉडबँडच्या रिचार्जमध्ये एखादं ओटीटी आलेलं असतं. रिचार्ज करणाऱ्या दुकानदाराला विचारा, नाहीतर कंपनीच्या अॅपमध्ये आपला प्लॅन उघडून बघा. तिथे ‘मोबाइल’ हा शब्द दिसला तर जपून. तो प्लॅन फोनपुरताच असतो, टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा १४९ रुपयांचा प्लॅन मोबाइल-टॅबपुरता होता आणि १९९ चा टीव्हीवर चालणारा. पन्नास रुपये वाचवायला गेलेली माणसं मग टीव्हीसमोर बसून फोनमध्ये सिनेमा बघताना मी पाहिली आहेत.

टीव्ही जुना असला तरी फेकू नका. मागे एचडीएमआयचं भोक असलं की झालं. फायर टीव्ही स्टिकसारखी एखादी काडी त्यात घातली की तोच टीव्ही स्मार्ट. एक करा, त्या काडीची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा. यूएसबीतून वीज पुरत नाही, मग काडी मधेच बंद पडून पुन्हा चालू होते आणि दोष बिचाऱ्या वायफायवर येतो.

लॉगिन करताना टीव्हीवर एकेक अक्षर बाणांनी शोधत टाइप करण्याची शिक्षा कुणालाही देऊ नये. बहुतेक अॅपं टीव्हीवर क्यूआर किंवा छोटा कोड दाखवतात. फोनमध्ये तेच अॅप उघडून तो स्कॅन केला की काम होतं. आणि याच क्षणी लोक फसतात. कोड नीट लागला नाही की माणूस गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो, वरच दिसलेल्या नंबरवर फोन लावतो, आणि पलीकडचा गोड आवाज ‘टीव्ही अॅक्टिव्हेशन’चे पैसे मागतो किंवा फोनवर स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला लावतो. टीव्हीवर खातं चालू करण्याचे वेगळे पैसे यातली कुठलीच कंपनी घेत नाही. नंबर हवा तर अॅपच्याच मदत विभागातून घ्यावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी क्रमांक आहे, आणि तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

शोधताना माइकचं बटण वापरायला पहिल्याच दिवशी शिकवावं. ‘ठरलं तर मग’ इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर एच कुठे आणि ए किती, यावर घरात दोन तट पडतात. बटण दाबून धरून नुसतं नाव बोललं की मालिका समोर. माझ्या आत्याला ओटीटी आवडलं ते त्या दिवसापासून. आता ती रिमोटशी अहो-जाहो करून बोलते.

आता नेट. एका टीव्हीला फार वेग लागत नाही. नेटफ्लिक्सचा स्वतःचा हिशेब आहे की फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट पुरे, फोर-केला १५. घराघरातलं नेहमीचं ब्रॉडबँड यापेक्षा कितीतरी जास्त देतं. तरी चित्र अडकतं, कारण राउटर असतो दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, आणि टीव्ही दोन भिंती ओलांडून आतल्या खोलीत. राउटरवर बहुधा दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी लिहिलेलं. त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर आहे, वेगवान पण भिंतीला लगेच हार मानणारी. टीव्ही लांब असेल तर दुसरं, साधं नाव निवडा. गावाकडच्या जाड भिंतींच्या घरात राउटर सरळ टीव्हीशेजारी आणून ठेवावा. कोकणात पावसाळ्यात वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर टीव्ही असतो आणि राउटर नसतो, तेही एकदा वायरमनला सांगून घ्यावं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी मात्र गणित करावं. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाचे २ जीबी सिनेमाच्या मध्यंतराआधीच संपतात. अॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा उतरवला तर तेच काम तासाला एखाद्या जीबीत होतं, आणि चष्मा न लावता बघणाऱ्याला फरक कळत नाही.

सुरुवातीचे काही सेकंद चित्र धुरकट दिसतं, त्याने घाबरू नये. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा चांगल्या-वाईट अनेक प्रतींत तयार असतो, आणि नेट किती धावतंय ते पाहून अॅप त्यातली एक उचलतं. आधी हलकी प्रत येते, मग भारी. टीव्ही बिघडलाय म्हणून दुकानदाराला बोलावून झालेलं एक घर मला माहीत आहे.

नातवंडं येणार असतील तर प्रोफाइल वेगळे करा. त्यात बालसंरक्षण आहेच, पण मला आजोबांचा संकोच जास्त महत्त्वाचा वाटतो. नातवाने रात्री पाहिलेली रक्तबंबाळ मालिका सकाळी आजोबांच्या पहिल्या पानावर झळकते आणि नेमका तेव्हा शेजारच्या काकू चहाला आलेल्या असतात. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण असते: यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए. प्रोफाइलला वयाची मर्यादा लावून वर पिन टाकता येतो. तो पिन नातवाला माहीत नसावा, ही अपेक्षा जरा भाबडी आहे हे मान्य.

पैशांबद्दल एकच भीती खरी आहे, ती म्हणजे आपोआप कापले जाणारे पैसे. पहिल्यांदा पैसे भरताना आपण ऑटोपेला होकार देतो आणि विसरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी मात्र लागत नाही. ती सूचना मुलाच्या फोनवर गेली तर नानांना कळणार कसं? यूपीआय अॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ अशी जागा असते. चालू हप्ते तिथे दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात. अॅप फोनवरून काढून टाकलं की पैसे थांबतात, असं शंभरातले नव्वद लोक समजतात. थांबत नाहीत. आणि सभासदत्व जिथून घेतलं तिथूनच बंद करावं लागतं: प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये, वेबसाइटवरून घेतलं असेल तर वेबसाइटवर. वर्षाचा प्लॅन पहिल्या फटक्यात घेऊच नका. महिनाभराचा घ्या, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं बघा. पैसे भरल्यावर जाहिराती नसतात हाही समज सोडा. प्राइम व्हिडिओवर भारतात जून २०२५ पासून त्या सुरू झाल्या, आणि नको असतील तर सभासदत्वावर वेगळे पैसे.

केबल किंवा डिश तोडण्याची घाई मात्र करू नये, निदान क्रिकेटवेड्या घरात. नेटवरून येणारा सामना केबलच्या बराच मागे असतो. तुकडे करून, साठवून, पुढे पाठवायला वेळ लागतो आणि तो लागणारच. आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतोय आणि वरच्या मजल्यावरून ‘गेला रे!’ अशी आरोळी आलेली असते. तो केबलवाला शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी असेल तर तक्रारही करता येत नाही. फार तर खिडकी लावून घ्यावी.