जुन्या मालमोटारीचा गंज

शेव्हरोले कंपनीनें १९४७ सालीं अमेरिकेंत नव्या घडणीच्या मालमोटारी आणिल्या. त्यांतील उघड्या हौद्याच्या लहान गाड्या तेथील हौशी लोक अद्यापि दुरुस्त करून पूर्ववत् करितात. यांस गंज चढतो तो बहुधा केबिनच्या मागील खालच्या कोपऱ्यांना. तेथील पोकळींत धूळ व ओल सांचून पत्रा आंतून कुजतो. बाहेर रंगाला फुगे दिसूं लागतात तेव्हां आंत फारसें कांहीं उरलेलें नसतें. अशा जागीं लांबी भरून वर झगझगीत रंग देण्याची चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. लांबींत ओल मुरते, रंग पुनः फुगतो, आणि गाडी विकत घेणारा फसतो तो निराळाच! निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापावा व नवा तुकडा बेतून अंतराअंतरानें टांके देत वेल्ड करावा. सलग वेल्ड केल्यास उष्णतेनें पत्रा वांकतो. मग सांध्यावर लांबीचा पातळ हात फिरविण्यास आमची हरकत नाहीं. काम वेळखाऊ आहे खरें. पण हौद्याच्या लाकडी फळ्या हौसेनें बदलणाऱ्यानें पत्र्यापाशींच काटकसर कां करावी? शेवटीं पोकळींत मेण फवारावें, आणि पाणी निथळण्याचीं भोंकें रंगानें बुजूं देऊं नयेत.